कोण, कुठून आणि कधीपर्यंत

अगं, आधी एक काम कर. ती एररची खिडकी तशीच राहू दे, बंद करू नकोस, आणि उठून पाणी पिऊन ये. एम.टेक.च्या पहिल्याच महिन्यात मॅडमनी जाता जाता सांगितलं, ‘तीन मशिनवर मॅटलॅब टाकून घे गं.’ तू ‘हो मॅडम’ म्हणालीस. आता तुझा विंडोजचा लॅपटॉप एक सांगतोय, मॅडमचा मॅक दुसरंच, आणि लॅबच्या कोपऱ्यातला उबुंटूवाला पीसी तर काही बोलायलाच तयार नाही. त्यात शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणतो, ‘त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे.’ असू दे त्याला. त्याच्या मशिनवर त्याच्या सीनियरनं टाकून दिलंय, विचारून बघ हवं तर.

खरं सांगू का, सॉफ्टवेअर बसवणं हा यातला सोपा भाग. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश, एवढं कुणालाही जमतं. अडतं ते लायसन्सपाशी. आणि लायसन्सला तुझ्याकडून फक्त तीन गोष्टी कळायला हव्या असतात. तू कोण, म्हणजे कोणती व्यक्ती किंवा कोणतं मशीन? परवानगी कुठून घ्यायची? आणि ती कधीपर्यंतची? विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, प्रश्न हेच असतात. फक्त विचारण्याच्या जागा बदलतात. तुला येणाऱ्या दहातल्या नऊ एरर या तीनपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून येतात. तुझ्या अकलेबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं.

म्हणून डाउनलोडचं बटण दाबायच्या आधी मॅडमना किंवा कॉम्प्युटर सेंटरला एक प्रश्न विचार: ‘आपलं लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे?’ हा विचारायला लाजू नकोस. पहिला प्रकार व्यक्तीच्या नावावरचा. कॉलेजच्या ईमेलनं मॅथवर्क्सच्या, म्हणजे मॅटलॅब बनवणाऱ्या कंपनीच्या, साइटवर खातं उघडायचं, आपलं खातं कॉलेजच्या लायसन्सला जोडायचं, आणि इन्स्टॉलर मग स्वतःच ते ओळखतो. दुसरा प्रकार एकाच मशीनला बांधलेला, ज्याला ‘नोड लॉक्ड’ म्हणतात. आणि तिसरा फ्लोटिंग. हा नीट समजून घे, कारण अर्धा गोंधळ इथलाच असतो.

फ्लोटिंग म्हणजे गावातलं वाचनालय, बघ. कॉलेजनं समजा पंचवीस प्रती घेतल्या. सभासद दोनशे असले तरी एका वेळी पंचवीसच जण नेऊ शकतात, कुणी परत केलं की पुढच्याला मिळतं. हे वाचनालय कॅम्पसमधल्या एका सर्व्हरवर चालतं. त्यात काउंटरवर बसलेला प्रोग्राम म्हणजे ‘एलएम-जीआर-डी’. तो फक्त येणाऱ्याला योग्य माणसाकडे पाठवतो. आत कपाटापाशी उभा असलेला दुसरा प्रोग्राम म्हणजे त्या त्या कंपनीचा व्हेंडर डीमन. मॅटलॅबचा ‘एमएलएम’, ॲन्सिसचा ‘ॲन्सिस-एलएमडी’, ऑटोडेस्कचा ‘ॲडस्क-फ्लेक्स’. पुस्तक देणारा हाच. ही सगळी व्यवस्था ‘फ्लेक्स एलएम’ नावाची. तिचं नाव नंतर फ्लेक्सनेट झालं, पण लॅबमध्ये अजून सगळे फ्लेक्सच म्हणतात. एकदा ही समजली की बरीच महागडी तांत्रिक सॉफ्टवेअर तुला ओळखीची वाटायला लागतील.

आता मशिनकडे वळू. पण त्याआधी मॅडमना आणखी एक विचार: लॅबमध्ये कोणती आवृत्ती वापरतात? मॅटलॅबच्या वर्षाला दोन आवृत्त्या येतात, मार्चच्या सुमारास ‘ए’ आणि सप्टेंबरच्या सुमारास ‘बी’. सगळ्यात नवीन ते सगळ्यात चांगलं असं समजून तू नवीन टाकलीस आणि लॅब दोन वर्षं मागे असली, तर तुझं सिम्युलिंकचं मॉडेल त्यांच्याकडे उघडताना कुरकुर करेल, आणि दर वेळी जुन्या आवृत्तीसाठी एक्स्पोर्ट करत बसावं लागेल. जागाही बघून घे. नुसतं मॅटलॅब चार जीबीच्या आसपास असतं, पण यादीतल्या सगळ्या टूलबॉक्सवर, म्हणजे विषयवार पुरवण्यांवर, टिचक्या मारल्यास तर वीस जीबीच्या वर जातं. होस्टेलच्या वाय-फायवर ते रात्रभरात उतरत नाही गं. लागतात तेवढेच घे. बाकीचे नंतर ‘ॲड-ऑन्स’मधून कधीही घेता येतात.

विंडोजपासून सुरुवात करू, कारण तो लॅपटॉप तुझा आहे आणि तिथे बिघडलं तर कुणी ओरडणार नाही. इन्स्टॉलरवर उजवी क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. पहिला सापळा तुझ्या युजरच्या नावात असतो. विंडोज सेट करताना मी एकदा अभिमानानं स्वतःचं नाव देवनागरीत टाकलं होतं. छान दिसायचं. पण मग युजरचं फोल्डरही देवनागरीत झालं आणि एकामागून एक तांत्रिक सॉफ्टवेअर त्या फोल्डरपाशी येऊन मुकाट बंद पडायला लागलं. मराठीचा अभिमान डेस्कटॉपच्या चित्रावर दाखव, युजरनेमवर नको. नाव साध्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेव. ते आधीच देवनागरीत असेल तर त्याची मोडतोड करत बसू नकोस, रोमन नावाचा एक नवा युजर उघड आणि तिथून काम कर.

दुसरा सापळा लायसन्सच्या फाईलचा. मेलमधला मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून ‘लायसन्स डॉट लिक’ म्हणून सेव्ह केलंस, तर नोटपॅड गुपचूप मागे ‘डॉट टीएक्सटी’ जोडतो. विंडोज एक्स्टेन्शन लपवून दाखवतं, म्हणून तुला नाव बरोबरच दिसतं आणि सॉफ्टवेअरला फाईल सापडतच नाही. फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिचकी मार आणि कायमची तशीच ठेव. ही फाईल वर्डमध्ये तर चुकूनही उघडू नकोस. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतो आणि फाईल वाया जाते.

फ्लोटिंग असेल तर सर्व्हरचा पत्ता सांगावा लागतो. तो ‘पोर्ट ॲट सर्व्हरचं नाव’ असा लिहितात, म्हणजे २७००० हा आकडा, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं नाव. विंडोजवर हा पत्ता ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’मध्ये ठेवायचा. दोन सर्व्हर असतील तर विंडोजवर मध्ये अर्धविराम आणि मॅक-लिनक्सवर विसर्गासारखे दोन टिंब. एवढ्याशा चिन्हापायी लोकांच्या दुपारच्या दुपारी जातात. पत्ता बदललास की उघडं असलेलं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघड, कारण चालू प्रोग्रामला नवा पत्ता दिसत नाही. आणि पत्ता बरोबर असूनही ते जुन्याच सर्व्हरकडे धावत असेल, तर त्याला जुनी आठवण आहे असं समज. फ्लेक्स आधी वापरलेला पत्ता लिहून ठेवतं, विंडोजवर रजिस्ट्रीत आणि लिनक्स-मॅकवर तुझ्या होममधल्या ‘डॉट फ्लेक्सएलएमआरसी’ नावाच्या लपलेल्या फाईलीत. तिथला जुना पत्ता काढून टाकला की झालं.

आता मॅडमचा मॅक. दुसऱ्याचं मशीन म्हणून हात थरथरतात ना? साहजिक आहे. मॅडमना शेजारी बसव आणि पासवर्ड त्यांनाच टाकू दे, तुला तो माहीत असायची गरजच नाही. पहिला प्रश्न: चिप कोणती? डावीकडे वरच्या सफरचंदावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ बघ. एम वन, एम टू असं काही लिहिलं असेल तर ॲपलची चिप, नाहीतर इंटेल. मॅटलॅब २०२३ बी पासून ॲपलच्या चिपवर थेट चालतं, आणि दोन्ही चिपचे इन्स्टॉलर वेगवेगळे असतात. त्याच्या आधीची आवृत्ती हवी असेल तर ती ॲपलच्या ‘रोझेटा’ या दुभाष्यामार्फत चालते. चालते नीट, पण चिप ओळखून मगच डाउनलोड कर.

मग मॅक म्हणेल, ‘हे उघडता येणार नाही, बनवणारा ओळखीचा नाही.’ ते इंटरनेटवरून आलेल्या प्रत्येक ॲपची चौकशी करतं. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की वाट निघायची. २०२४ च्या ‘सिक्वोया’ या मॅकच्या आवृत्तीपासून ती वाट बंद झाली. आता ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त अगदी खाली जाऊन ‘ओपन एनीवे’ म्हणावं लागतं. हे फक्त कंपनीच्या साइटवरून उतरवलेल्या फाईलसाठी कर. कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेल्या फाईलला मॅक नाही म्हणत असेल, तर मॅकचं ऐक.

मॅकवरची एक गंमत तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. सर्व्हरचा पत्ता तू ‘झेडशेल’च्या सेटिंग फाईलीत लिहितेस. टर्मिनलमधून सॉफ्टवेअर सुरू केलं की सगळं झकास चालतं. मॅडम खाली डॉकवरच्या चित्रावर क्लिक करतात आणि त्यांना एरर येते. मग त्या तुझ्याकडे अशा बघतात की धरणी पोटात घेईल तर बरं. तू काहीही चुकीचं केलेलं नसतंस. डॉकमधून उघडलेलं ॲप ती फाईल वाचतच नाही. म्हणून मॅकवर पत्ता शेलमध्ये न ठेवता, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या ‘लायसन्सेस’ फोल्डरमध्ये लायसन्सची फाईल करून ठेव. मग कुठूनही उघडा, फरक पडत नाही. आणि हो, सगळंच मॅकवर चालतं असं समजू नकोस. ॲन्सिस आणि सॉलिडवर्क्स मॅकसाठी बनतच नाहीत. मॅडमनी ते मागितलं तर आधीच स्पष्ट सांग, उगाच दोन दिवस झटत बसू नकोस.

राहिला लिनक्स. तू त्याला सगळ्यात जास्त घाबरतेस, पण तो सगळ्यात सरळ आहे बघ. काय बिघडलं ते तो बहुतेक वेळा तोंडावर सांगतो, फक्त गोड बोलत नाही. सुरुवात करण्याआधी टर्मिनलमध्ये ‘हू ॲम आय’ची कमांड दे आणि जे नाव येईल ते कागदावर जसंच्या तसं लिही. लिनक्ससाठी मोठं आणि लहान अक्षर वेगळं असतं. हे नाव इतकं महत्त्वाचं का, ऐक. लोक ‘सूडो’ लावून, म्हणजे ‘रूट’ या सर्वाधिकारी युजरच्या हक्कानं, इन्स्टॉलर चालवतात. इन्स्टॉलर शेवटी विचारतो, ‘हे लायसन्स कोणत्या युजरचं?’ आणि रकान्यात आधीच ‘रूट’ भरून ठेवतो, कारण त्या क्षणी तू रूट असतेस. न वाचता पुढे गेलं की लायसन्स रूटच्या नावावर पडतं. दुसऱ्या दिवशी तू साध्या युजरनं उघडतेस आणि समोर उणे नऊची एरर. म्हणजे ‘तू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर चुकलं. बाकी सगळं बरोबर असतं, फक्त पुन्हा ॲक्टिव्हेट करताना तिथे स्वतःचं नाव घालायचं.

सूडोचा आणखी एक त्रास म्हणजे नव्या उबुंटूवर इन्स्टॉलरची खिडकी कधी कधी उघडतच नाही. रूटला तुझ्या पडद्यावर चित्र काढायची मुभा नसते. त्यावर उपाय आहेत, पण मला विचारशील तर वाटच बदल. ‘यूझर लोकल’मध्ये मॅटलॅबसाठी एक फोल्डर आधी सूडोनं बनवून घे, त्याची मालकी स्वतःच्या नावावर कर आणि मग इन्स्टॉलर सूडोशिवाय चालव. खिडकीही उघडते आणि नावाचा घोळही होत नाही. नंतर टर्मिनलमध्ये ‘मॅटलॅब’ लिहून काहीच सापडलं नाही तर रडू नकोस. ‘सिम्बॉलिक लिंक’ करायची राहिली आहे, एवढंच. ती नंतर एका ओळीत करता येते.

आता समजा मॅडम म्हणाल्या, ‘आपल्या ग्रुपचा लायसन्स सर्व्हरही याच पीसीवर चालव.’ नाही म्हणू नकोस. हे शिकलेल्या माणसाला लॅबमध्ये फार मान असतो. कंपनी तुझ्याकडे ‘होस्ट आयडी’ मागेल. म्हणजे नेटवर्क कार्डाचा बारा अक्षर-अंकांचा पत्ता. एका मशीनला असे पाच-सहा असू शकतात: केबलचा, वाय-फायचा, व्हीपीएनचा, व्हर्च्युअल मशीनचा, खोचलेल्या यूएसबी डोंगलचा. द्यायचा तो मशीनमध्येच असलेल्या केबलच्या कार्डाचा. डोंगलचा दिलास तर डोंगल काढल्या दिवशी सगळ्यांचं काम बंद. लॅपटॉपच्या वाय-फायचा तर देऊच नकोस. हल्ली विंडोज आणि मॅक दोघंही गोपनीयतेसाठी हा पत्ता बदलून बदलून दाखवू शकतात.

लायसन्सची फाईल आली की साध्या एडिटरमध्ये उघडून बघ, काही होत नाही. पहिली ओळ ‘सर्व्हर’ची: मशीनचं नाव, होस्ट आयडी, पोर्ट. दुसरी ‘व्हेंडर’ किंवा ‘डीमन’ची. त्याखाली ‘इन्क्रिमेंट’च्या ओळी, प्रत्येक टूलबॉक्सची एक, त्यात किती प्रती आणि कोणत्या तारखेपर्यंत. आहे की नाही? कोण, कुठून, कधीपर्यंत, सगळं एका पानावर. यातलं मशीनचं नाव आणि पोर्ट तू बदलू शकतेस. होस्ट आयडी आणि इन्क्रिमेंटच्या ओळींना हात लावायचा नाही. त्यांवर कंपनीची सही असते, एक अक्षर हललं तरी उणे आठची एरर येते. म्हणून ही फाईल व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून ढकलू नकोस, फाईल म्हणूनच पाठव.

उबुंटूवर ‘एलएम-जीआर-डी’ चालवायला गेलीस की तो म्हणेल, ‘अशी फाईलच नाही.’ तू यादी काढून बघशील, तर फाईल समोर ढळढळीत दिसत असेल. मी तर स्क्रीनशी भांडले होते गं. फाईल असते. ती चालवायला लागणारा ‘एलएसबी’ नावाचा छोटा लोडर नव्या उबुंटूत नसतो, आणि लिनक्स त्याच्याबद्दल तक्रार करत असतं. त्या नावाची लिंक मूळ लोडरला जोडून दिली की तोच प्रोग्राम निमूट सुरू होतो. दुसरी तक्रार येईल ‘यूझर टेम्प’ फोल्डर नसल्याची. ते फोल्डर बनवून दे. आणि सर्व्हर रूटनं चालवू नकोस, त्याच्यासाठी एक वेगळा साधा युजर कर.

‘काल चालत होतं, आज चालत नाही’ हे वाक्य तू लवकरच ऐकशील. बहुतेक वेळा रात्री लाइट गेलेले असतात आणि पीसी पुन्हा सुरू झालेला असतो. काउंटरवाल्या ‘एलएम-जीआर-डी’चा पोर्ट ठरलेला असतो. काही सांगितलं नसेल तर तो २७००० ते २७००९ मधला एक घेतो. पण आतला व्हेंडर डीमन दर वेळी मिळेल तो मोकळा पोर्ट उचलतो. फायरवॉलमध्ये तू कालचा पोर्ट उघडलेला असतोस, आणि तो आज दुसरीकडेच बसलेला असतो. व्हेंडरच्या ओळीत ‘पोर्ट’ म्हणून एक आकडा, समजा २७००१, कायमचा नेमून दे आणि फायरवॉलमध्ये दोन्ही उघड. सोबत प्रोग्राम आपोआप सुरू होईल अशी सोयही करून ठेव, नाहीतर लाइट गेले की लोक तुला शोधत होस्टेलवर येतील.

एररचे आकडे पाठ करायला सांगत नाही, पण ओळख करून घे. उणे नऊ म्हणजे ‘कोण’ चुकलं: मशीन किंवा युजर जुळत नाही. उणे १५, ९६ आणि ९७ म्हणजे ‘कुठून’ची अडचण: सर्व्हर गाठता येत नाही, मशीन बंद आहे किंवा व्हेंडर डीमन पडला आहे. उणे दहा म्हणजे मुदत संपली, आणि उणे ८८ म्हणजे मशीनचं घड्याळ कुणीतरी मागे नेलं. ट्रायलची मुदत वाढवायला लोक हा उपाय करतात, आणि फ्लेक्सला तो कधीचाच माहीत आहे. उणे चार आली तर तुझं काही चुकलेलं नाही, सगळ्या प्रती बाहेर गेल्या आहेत. उणे पाच म्हणजे तो टूलबॉक्स कॉलेजनं घेतलेलाच नाही. सर्व्हरवर ‘एलएमस्टॅट’ चालवलं की कोण काय घेऊन बसलंय त्याची नावानिशी यादी मिळते. दुपारी जेवायला जाताना सॉफ्टवेअर उघडं ठेवणारे सगळे त्यात सापडतात. त्यांना प्रेमानं सांग.

होस्टेलवरून चालत नसेल तर आधी कॉलेजचं व्हीपीएन लाव, आणि मग सर्व्हरचा पोर्ट लागतोय का ते तपास. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट नेट-कनेक्शन’ आहे, मॅक-लिनक्सवर ‘एनसी’. पोर्ट लागत नसेल तर मॅटलॅब काढून पुन्हा टाकण्यात काहीही अर्थ नाही. पुन्हा टाकणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे, पण बंद सर्व्हर त्यानं उघडत नाही.

आता जरा कडक बोलते. यात कधीतरी रात्री कुणीतरी हळूच म्हणेल, ‘माझ्याकडे क्रॅक आहे, घे.’ नाही घ्यायचा. तो क्रॅक टाकायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच कळायला हवं. तुझ्या थिसिसचा सगळा डेटा त्याच मशीनवर आहे. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ ब बघ. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण तिथपर्यंत जायचंय कशाला?

लायसन्स मिळेपर्यंत काम थांबलं असेल तर मॅटलॅबसारखंच असलेलं ऑक्टेव्ह टाक. ते फुकट आहे, तिन्ही सिस्टीमवर चालतं, आणि तुझ्या मॅटलॅबच्या साध्या फाईली बऱ्याच अंशी तशाच चालवतं. सिम्युलिंकसारखं हवं असेल तर सायलॅबमधलं एक्सकॉस बघ. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं असं मुक्त सॉफ्टवेअर शिकवायचं मोठं काम केलंय, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. कमीपणा मानू नकोस.

शेवटी वहीचं सांगते. मोबाइलमध्ये नको, खरीखुरी वही घे आणि ती लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेव. प्रत्येक मशीनला एक पान. त्यावर सिस्टीमची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, युजरनेम, होस्ट आयडी, लायसन्सची फाईल कुठे आहे, आणि मुदत संपायची तारीख लाल पेनानं. पासवर्ड मात्र लिहायचा नाही. मुदतीच्या महिनाभर आधी मॅडमना मेल कर, कारण कॉलेजातलं बिल सह्या होत होत फिरतं. नवी फाईल आली की जुनी त्या फोल्डरमधून काढ. दोन्ही एकत्र राहिल्या की सॉफ्टवेअर कधी संपलेली वाचतं आणि उगीच घाबरवतं. लॅपटॉप बदलायचा असेल तर जुन्यावरचं आधी डीॲक्टिव्हेट कर, नाहीतर तुझ्या वाट्याची एक जागा विकलेल्या लॅपटॉपबरोबर जाईल.

आणि कीबोर्ड सोडू नकोस. लॅबमध्ये कुणीतरी ‘दे, मी करतो’ म्हणत पुढे येईल, चांगल्या मनानंच येईल. त्याला म्हण, ‘तू सांग, मी टाइप करते.’ पाच मिनिटं जास्त लागतील. पण पुढच्या वेळी त्याला शोधत फिरावं लागणार नाही.

इतकं करूनही अडलीस, तर कॉम्प्युटर सेंटरला मेल लिही. ‘सर, मॅटलॅब चालत नाही’ एवढंच लिहू नकोस. कोणतं मशीन, कोणती सिस्टीम, कोणती आवृत्ती, एररचा आकडा आणि पूर्ण वाक्य, काय काय करून पाहिलं, आणि सोबत स्क्रीनशॉट. अशा मेलला उत्तर येतंच. म्हणूनच मघाशी ती खिडकी बंद करू नकोस म्हटलं होतं. जा, आकडा उतरवून घे आणि तो तीनपैकी कोणत्या प्रश्नाचा आहे ते स्वतः ठरव. मग खुशाल मला फोन कर, रात्री दहा वाजले तरी चालतील. पण आकडा हातात घेऊन कर. ‘ताई, काहीतरी एरर येतेय’ म्हणालीस, तर मी फोन ठेवून देईन, सांगून ठेवते.